अठ्ठावन्न टक्क्यांचा भागवत

"भाऊ, तुमचा सेविंग रेट किती?"

भागवत आमच्या समोरच्या घरात राहायला आला, त्या पहिल्याच रविवारी ओट्यावर येऊन त्यानं मला हे विचारलं. मी तेव्हा नुकतीच आणलेली गरम कचोरी खात होतो. मला वाटलं, हा विमा विकणारा आहे. मी घाईघाईनं सांगून टाकलं की माझ्याकडे दोन पॉलिसी आहेत आणि दोन्ही बंद पडल्यात.

तो हसला नाही. समोर उकिडवा बसला. पगार विचारला, माझ्या बायकोच्या, शैलजाच्या शिकवण्यांचे किती येतात ते विचारलं, महिनाअखेर किती उरतात ते विचारलं. इतक्या सरळपणे विचारलं की मी खरं सांगून बसलो. त्यानं तोंडी हिशोब केला आणि म्हणाला, "साडेसहा टक्के."

म्हणजे घरात शंभर रुपये आले की आम्ही साडेसहा मागे टाकतो आणि बाकीचे खातो. त्यानं माझ्याकडे इतक्या काळजीनं पाहिलं की उरलेली कचोरी मला गोड लागेना. मी ती खाल्ली, हा भाग वेगळा.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी लक्ष्मीकांत, इथं खामगावातल्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाली की सरकारी नियमानं घरी बसणार. आयुष्यात मी एकच गोष्ट साठवली, ती म्हणजे अर्जित रजा. तीनशे दिवस पूर्ण साठलेत, निवृत्तीच्या वेळी त्याचे रोख पैसे मिळतात. त्यामुळे एक दिवससुद्धा मोडायचा जिवावर येतो. बाकी हाती आलेला पैसा मला टोचतो, तो गेला की बरं वाटतं.

भागवत मोताळ्याकडचा. आयटीआय करून शंकररावांच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला आणि तिथंच राहिला. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, ज्याला इथं रेचा म्हणतात, त्याची नस न् नस त्याला ठाऊक. बायको सुचिता, सोनाळ्याची, घरी शिवणकाम करते. एक मुलगी, मयुरी. असं तीन माणसांचं घर, आणि त्या घरात एक वही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्या वहीत लिहिल्याशिवाय फोडणीत पडत नसे.

हे वेड त्याला फोननं लावलं. बंगळुरूचा कुणी कॉम्प्युटरवाला पोरगा व्हिडिओत सांगत होता की वर्षाच्या खर्चाला पंचवीसनं गुणा, तेवढी रक्कम जमवा आणि नोकरी सोडा. दरवर्षी त्यातले चार टक्के काढून खायचे, बाकीचे मागं वाढत राहतात. तो पोरगा तीन लाख पगारातले साठ टक्के वाचवत होता. भागवतला त्यात काही मर्दुमकी दिसली नाही. त्यानं ठरवलं की आपण पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर व्हायचं, आणि कपाटाच्या दाराला आतून ऑइलपेंटनं "४५" असा आकडा काढला. अशाच लोकांचा देशभरचा एक ग्रुप होता, त्यातही तो गेला.

"आणि रिटायर होऊन करशील काय?" मी विचारलं.

"उन्हात बसीन," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो खरंच बोलत होता. जिनिंगचा सीझन दिवाळीला सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. सकाळी आठला आत गेलेला फिटर रात्री आठला बाहेर येतो, केसांत आणि भुवयांत रुई घेऊन. म्हणजे हिवाळा येतो आणि जातो, आणि याला तो फक्त अंधारात भेटतो. "दहा वर्षं झाले, भाऊ. ओट्यावर बसून, पाठीवर ऊन घेऊन, तुरीच्या शेंगा सोलून खाल्ल्या नाई. तुमी रोज बसता, म्हणून तुमाले त्याची किंमत नाई."

ते मात्र खरं होतं. शाळा साडेदहाची. आठ ते दहा मी ओट्यावर पेपर उघडून उन्हात पसरलेला असतो. त्या दिवसापासून मला सकाळी त्याची सायकल जाताना दिसली की उगाच पाय आखडून घ्यावेसे वाटायचे.

त्यानं कंजुषी केली म्हणावं, तर तसंही नाही. गल्लीतले मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी तोच दुरुस्त करी, आणि पैसे घ्यायचा नाही. का, तर म्हणे अधूनमधून आलेल्या पैशानं रेट बिघडतो. पाहुण्याला चहा, पोहे, सगळं व्हायचं. फक्त पाहुणा गेला की वहीत "पोहे – पाहुणे" अशी नोंद पडायची. स्वतःच्या अंगावर मात्र तो काही खर्च करत नसे. सायकल बापाची, फोनची काच तडकलेली, आणि पेपर माझा, तोही संध्याकाळी, सगळ्यांचं वाचून झाल्यावर.

असं करत करत त्याचा रेट चाळीसवरून पन्नासवर गेला आणि पन्नासवरून साडेअठ्ठावन्नवर. त्याचा पगार एकतीस हजार आणि सुचिताच्या शिलाईचे दहा, असे एक्केचाळीस हजार महिन्याला येत. खर्च सतरा. चोवीस हजार मागे. सतरा हजाराचे वर्षाला दोन लाख चार हजार, त्याला पंचवीसनं गुणलं की एक्कावन्न लाख. हा आकडा आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होता. मयुरीनं एकदा शाळेत वर्गमुळाच्या उत्तराच्या जागी तो लिहिला होता.

फोनवरच्या त्या ग्रुपात कुणी नागपूरची डॉक्टरीण होती, कुणी पुण्याचा इंजिनियर होता. रेटमध्ये भागवत सगळ्यांत दुसरा. त्या इंजिनियरनं एकदा विचारलं की तीन माणसांचं घर सतरा हजारात चालतं कसं, काही लिहायचं राहत तर नाही ना? भागवतनं मला तो मेसेज मोठ्या अभिमानानं दाखवला. "पुण्यावाल्यायले काय कळते, भाऊ! वहीत चार आण्याचा फरक सापडला तं नाव बदलीन."

मी वही पाहिली. हेडक्लार्क आहे, हिशोबाचा कागद दिसला की हात शिवशिवतात. चार आण्याचाही फरक नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. हा माणूस माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पगार माझ्या निम्म्यापेक्षा कमी, आणि हा माझ्याआधी घरी बसणार. कुठंतरी एक चूक सापडावी असं मनात यायचं आणि मग त्याची लाजही वाटायची.

चूक दरवर्षी आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोरून जात होती. एप्रिलमध्ये, गहू निघाले की, सोनाळ्याहून सुचिताचा भाऊ शिवम पिकअप घेऊन यायचा. गव्हाची पोती, ज्वारी, घरची तुरीची डाळ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, लाल मिरच्या. कोकिळाबाईंनी, म्हणजे सुचिताच्या आईनं, केलेले पापड-शेवयांचे डबे. पोती उतरवायला मीच एक टोक धरायचो. परत जाताना पिकअपमध्ये चादरीत बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं जायचं. त्यात काय असतं ते मी कधी विचारलं नाही. माहेरचं येणं आणि माहेरी जाणं, त्यात आपण कशाला बोलायचं?

दोन वर्षांपूर्वी शिवम असाच आला असताना भागवतनं त्याला वही घेऊन बसवला. त्याला आता ज्याला त्याला सुधारण्याची सवय लागली होती. शिवमकडे पाणी होतं, चार एकर रान होतं, आणि त्यात गहू, तूर, ज्वारी, हरभरा असं सगळं थोडं थोडं. भागवतनं एकेका पिकाचा खर्च मांडला, भाव मांडला, आणि शेवटी पेन ठेवून विचारलं, "शिवम, तू काऊन करून राह्यला बे हे? तुझ्या शेजाऱ्याईचे संत्र्याचे बगिचे पाह्य. तुझा रेट नऊ टक्के हाये. नऊ!"

शिवम साधा पोरगा. दाजींचा शब्द त्यानं कागदावर लिहून नेला. पुढच्या पावसाळ्यात चारही एकरात संत्र्याची कलमं लागली. भागवत मुद्दाम सोनाळ्याला जाऊन पाहून आला, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या पाठवल्या.

या सगळ्यात पंचेचाळीसची तारीख जवळ आली, एक जून. ही तारीख अर्थात शाळेतल्या गुरुजींनी लावलेली. त्या काळी आमच्याकडे निम्मा जिल्हा एक जूनलाच जन्माला यायचा. भागवतची आई म्हणायची की तू कापूस वेचणीच्या दिवसांत झालास, त्या जूननंतरच्या हिवाळ्यात. पण आधार कार्डावर जून होता, आणि भागवत कागदाचा माणूस.

फेब्रुवारीत त्याच्या फंडांची आणि पीएफची बेरीज एक्कावन्न लाखांवर गेली. त्यानं राजीनामा लिहिला. मसुदा माझा, अक्षर त्याचं. एक जूनपासून मला सेवामुक्त करावे. तो जाऊन शंकररावांच्या टेबलावर ठेवून आला, आणि संध्याकाळी, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्यानं गल्लीला कचोऱ्या वाटल्या. मला दोन दिल्या. मला खरंच आनंद झाला होता, हेवा उरला असेल तर तो दुसऱ्या कचोरीबरोबर गेला.

एप्रिल आला. शिवमही आला, पण मोटारसायकलवर. हातात एक पिशवी होती, तिच्यात शेवया.

"पिकअप कुठं ठेवली?" भागवतनं विचारलं.

"कायले आणू, दाजी? काय भरू तिच्यात?"

"म्हंजे?"

"गहू पेरलाच नाई ना. तूरबी नाई. संत्राच हाये पुरा. ओळीईच्या मधात सोयाबीन होतं, ते इकलं. तुमीच तं सांगतलं होतं." शिवम पाणी प्यायला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "आमीबी औंदा किराण्यातूनच इकत घेऊन राह्यलो. बगिचा धरेपर्यंत पाच वर्षं तं असंच चालीन."

शिवम जेवून गेला. मी माझ्या ओट्यावर होतो. समोरच्या ओट्यावर भागवत हातात शेवयांची पिशवी घेऊन तसाच उभा राहिलेला मला दिसला.

रविवारी दुपारी तो वही घेऊन आमच्याकडे आला. माझ्याशी बोलला नाही, सरळ शैलजाकडे गेला. "वहिनी, गव्हाले काय भाव देता तुमी?"

आमच्याकडे सगळं दुकानातूनच येतं. शैलजाला भाव तोंडपाठ. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. अडीच क्विंटल गहू, साडेसात हजार. ज्वारी, साडेतीन हजार. तुरीची डाळ पन्नास किलो, साडेसहा हजार. हरभरा आणि मूग डाळ, अडीच हजार. शेंगदाणे, मिरच्या, हळद. शैलजानं विचारलं, "आणि उन्हाळ्यात महिनाभर मयुरी आणि सुचिता तिकडेच असतात ना? दिवाळीचे कपडे? पापड-लोणची?" तेही लिहिलं. खाली रेघ ओढली. वर्षाचे छत्तीस हजार.

"महिन्याचे तीन," भागवत म्हणाला. "सतरा नाई, भाऊ. वीस. खर्च वीस हजार हाये माझा."

वीस हजाराचे वर्षाला दोन लाख चाळीस. गुणिले पंचवीस, साठ लाख. एक्कावन्न जमले होते. नऊ लाख कमी पडत होते, आणि राजीनामा देऊन झाला होता.

"अरे, पण हे इतकी वर्षं लिहिलं कसं नाहीस तू?" मी विचारलं. "कोथिंबीर लिहितोस आणि गहू नाही?"

"पैसे कुठं देल्ले मी गव्हाचे? जे इकत घेतलं नाई ते खर्चात कसं लिवाचं?" मग त्याचा आवाज उतरला. "बारा वर्षं लोकाईले रेट सांगत फिरलो. आन सोता सासऱ्याच्या घरचं फुकटचं खात होतो."

एवढ्यात दारातून आवाज आला, "फुकटचं?"

सुचिता त्याला जेवायला बोलवायला आली होती. बाई एरवी कमी बोलणारी. बारा वर्षांत तिचा आवाज मी मशीनच्या आवाजापेक्षा कमीच ऐकला होता. ती आत आली, खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"कोण म्हणते फुकटचं? ते गाठोडं काय वाऱ्यानं जात होतं? माझ्या आईचे, वहिनीचे, चुलत्याच्या सुनाईचे ब्लाऊज, परकर, पोराईचे शाळेचे ड्रेस, गाद्याईच्या खोळा, सालभराचं सारं शिवून पाठोते मी. तिकडं सतरा बाया हायेत. एका पैशाचं मी घेतलं नाई, एका पैशाचं त्याईनं मांगतलं नाई. ते गहू माझ्या शिलाईचे होते."

भागवत तिच्याकडे पाहतच राहिला. "तू सांगतलं नाई कधी."

"तुमी इचारलं कधी? दोन-अडीच महिने लागतात मले त्याले. तुमच्या वहीत कुठं हाये ते, दाखवा." ती थांबली, आणि जरा हसलीच. "तुमी एक जूनले उन्हात बसा. बसाच. गावची शिलाई आता बंद झाली, तं मी इथल्या शाळेचे ड्रेस घेते शिवाले. महिन्याचे तीन हजार कायले नाई निंघत? खर्च भागून जाईन."

हिशोब बरोबर होता. मी मनातल्या मनात केला, शैलजानं केला, भागवतनंही केला असणार. तीन गेले, तीन आले. सुचिता रोज अजून थोडा वेळ मशीनवर बसली की भागवत ओट्यावर बसू शकत होता.

त्यानं वही मिटली. "मी उन्हात बसू आन मांगून तुझी मशीन ऐकू?" तो म्हणाला. "नाई जमणार, सुचिता. लाज वाटीन मले." तिचे डोळे भरून आले. शैलजानं सगळ्यांना तिथंच जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी तो मला जिनिंगमध्ये बरोबर घेऊन गेला. राजीनामा मागं घ्यायला एकट्यानं जायचं त्याला जड जात होतं, आणि मसुदा माझा असल्यामुळे मीही अर्धा गुन्हेगार. शंकरराव गादीवर बसले होते. त्यांनी ड्रॉवर उघडला, पाकीट काढलं. फोडलेलंच नव्हतं.

"मले माहीत होतं तू येशीन," ते म्हणाले. "सीझन संपला की सगळेच राजीनामे देतात."

"वापस घेतो," भागवत म्हणाला, "पण एक मागणं हाये."

"पगार वाढ? पाचशे?"

"नाई. सीझनमधे मी सकाळी आठले येणार नाई. अकराले येईन. दिवाळी ते होळी."

शंकररावांनी चष्मा काढला. "आन रेचा बंद पडला तं?"

"रात्री जातानी सगळे पाहून जाईन. सकाळी रेचे माझ्याबिगर चालतात, बिघडतात ते गरम झाल्यावर, दुपारून. बावीस वर्षं पाह्यलं मी."

"पगार कापीन मग. महिन्याचे चार हजार."

हे त्यांनी त्याला परतवायला म्हटलं होतं. चार आण्याच्या फरकासाठी नाव बदलायला निघालेला हा माणूस चार हजार सोडील असं त्यांना वाटलंच नव्हतं. मलाही नाही.

"कापा," भागवत म्हणाला.

शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं, हा बरा आहे ना अशा नजरेनं. मी मान डोलावली. मग त्यांनी पाकीट फाडून टोपलीत टाकलं आणि चहा मागवला.

गल्लीत थट्टा झाली, नाही असं नाही. कचोऱ्या परत मागा म्हणणारेही निघाले. भागवतनं ग्रुपवर सगळं खरं खरं लिहून टाकलं, गव्हासकट आणि गाठोड्यासकट. त्या पुण्याच्या इंजिनियरनं उत्तर दिलं की त्याच्याही घरी दर महिन्याला सांगलीहून आईचे डबे येतात आणि त्यानंही ते कधी धरले नव्हते. मग एकेक जण कबुली देऊ लागला. कुणाचं घर सासऱ्याचं, कुणाची पोरं आजीनं सांभाळलेली. आठवडाभरात अख्ख्या ग्रुपाचे रेट घसरले.

मग दिवाळी झाली, जिनिंगचे भोंगे सुरू झाले, थंडी पडली. डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी पेपर घेऊन बाहेर आलो, तर समोरच्या ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर भागवत, पाठ उन्हाकडे करून. दुसरीवर सुचिता. मध्ये सुपात तुरीच्या शेंगा. घरातून मशीनचा आवाज येत नव्हता.

"या भाऊ," भागवतनं हाक मारली. "आईच्या हिशोबानं मले या हप्त्यात पंचेचाळीस पुरे झाले."

मी माझी खुर्ची घेऊन पलीकडे गेलो. वही सुपाशेजारीच होती. सवयीनं उघडली. गहू, तूरडाळ, ज्वारी, आता सगळं नीट भावानिशी लिहिलेलं. आणि सगळ्यांत खाली दोन नव्या ओळी. "ऊन, भागवत – ४,०००." आणि तिच्या खाली, "ऊन, सुचिता – १,५००."

"हे दीड हजार कसले?"

"हेबी आठ ते साडेदहा मशीन बंद ठेवते. तेवढी शिलाई बुडते तिची. लिवा लागते ना."

माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. "अरे, पण हा खर्च नाही. हे उत्पन्न कमी झालं. वरून वजा कर, तर रेट चव्वेचाळीसच्या आसपास राहील. असा खर्चात टाकलास तर पार अडतीसवर येतो."

"येऊ द्या," भागवत म्हणाला. त्यानं शेंग सोलली, दाणे सुचिताच्या हातावर ठेवले. "मी हे इकत घेतलं, भाऊ. इकत घेतलेलं खर्चातच जाते."

"आणि रिटायरमेंट?"

"पन्नाशीपर्यंत होईन. नाई झाली तं हिवाळा तं येतेच दरसाल."

"वही मिटा आता दोघंबी," सुचिता म्हणाली. "ऊन सरकून राह्यलं."

आम्ही तिघांनी खुर्च्या हातभर पुढं सरकवल्या. घड्याळात सव्वादहा होत आले होते. शाळेची वेळ झाली होती, आणि पाठीवर नुकतीच ऊब उतरत होती. मी खिशातून फोन काढून शाळेत लावला आणि सांगितलं की आज मी येत नाही.

पलीकडून आमच्या ज्युनियर क्लार्कनं विचारलं, "साहेब, कोणती रजा टाकू?"

"अर्जित," मी म्हणालो, आणि सुपात हात घातला.